शून्य प्रेक्षक आणि ८६७ कोटी डॉलरचं कर्ज

२२ सप्टेंबर २०१३, रविवार. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज हा बेसबॉलचा संघ क्लीव्हलंडला खेळायला गेला होता आणि त्याच्या घरच्या शहरात तो सामना एका खास क्रीडावाहिनीवर थेट दाखवला जात होता. कॅमेरे होते, समालोचक होते, रिप्ले होते, मधेमधे जाहिरातीही होत्या. प्रेक्षकांची मोजदाद करणाऱ्या नील्सन कंपनीची यंत्रं त्या वेळी ह्यूस्टन परिसरातल्या ५७९ घरांत बसवलेली होती. सामन्याचा आकडा आला ०.०. यंत्र बसवलेल्या ५७९ घरांपैकी एकाही घरात हा सामना कुणी पाहत नव्हतं.

५७९ घरं म्हणजे अख्खं शहर नव्हे, हे खरं. बावीस लाखांहून जास्त घरांच्या त्या परिसरात एखादा कट्टर चाहता टीव्हीसमोर ठाण मांडून बसला असेलच. पण यंत्राचं एक घर साधारण चार हजार घरांच्या वतीने बोलतं, म्हणून हे शून्य हसण्यावारी नेता येत नाही. त्याला कारणंही होती. त्याच वेळी शहराचा लाडका अमेरिकन फुटबॉल संघ टेक्सन्स मैदानात होता. अ‍ॅस्ट्रोज त्या हंगामात १६२ पैकी १११ सामने हरले. आणि मुख्य म्हणजे कॉमकास्ट स्पोर्ट्सनेट ह्यूस्टन नावाची ती वाहिनी शहरातल्या जेमतेम ४० टक्के घरांत दिसत होती. बाकीच्या केबल आणि डिश कंपन्यांनी तिचा दर ऐकूनच हात जोडले होते. आठवडा उलटायच्या आत वाहिनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं. तिला सुरू होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

अडचण अशी, की याच वर्षी तिकडे लॉस एंजेलिसमध्ये असल्याच एका वाहिनीसाठी ८३५ कोटी डॉलरचा करार झाला होता. दोन्ही वाहिन्या एकाच जातीच्या, एकाच खेळाच्या, एकाच काळातल्या. एकीला प्रेक्षक शून्य आणि दुसरीच्या करारात सात शून्यांची रक्कम. ही जातच मुळात कशी होती, हे कळल्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही.

आयपीएलचे हक्क बीसीसीआय एकगठ्ठा विकते. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी ४८,३९० कोटी रुपये आले, ते मंडळाच्या तिजोरीत, आणि तिथून वाटणी. आता कल्पना करा, की मुंबई इंडियन्सने आपले सामने फक्त मुंबई-ठाणे-पुण्यापुरते एका वाहिनीला विकले, चेन्नईने तमिळनाडूपुरते दुसऱ्या वाहिनीला, कोलकात्याने बंगालपुरते तिसरीला. अमेरिकेत बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीचे बहुतेक सामने असेच विकले जातात. मोजके मोठे सामने देशभर दिसतात, उरलेले आपापल्या प्रांतात. आणि हे उरलेले म्हणजे थोडेथोडके नव्हेत. बेसबॉलचा एकेक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, बास्केटबॉल आणि हॉकीचा ८२. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज संध्याकाळी बेसबॉल, ऑक्टोबरपासून पुन्हा एप्रिलपर्यंत बास्केटबॉल आणि हॉकी. वाहिनीला वर्षभर पुरेल एवढा माल.

सुरुवात १९६९ ची. मॅनहॅटनमधल्या उंच इमारतींमुळे घराघरातल्या अँटेनांना नीट सिग्नल मिळत नसे, म्हणून चार्ल्स डोलन यांनी तिथे जमिनीखालून केबल टाकली, आणि त्या केबलवर मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधले सामने दाखवायला सुरुवात केली. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसला बिल डॅनियल्स आणि लेकर्स या बास्केटबॉल संघाचे मालक जेरी बस यांनी प्राइम तिकीट ही वाहिनी काढली. १९९६ मध्ये रूपर्ट मर्डॉक उतरले आणि गावोगावच्या अशा वाहिन्या गोळा करून त्यांनी फॉक्स स्पोर्ट्स नेट उभं केलं. २००२ मध्ये न्यूयॉर्क यँकीज संघाने ठरवलं, की दलाल कशाला हवा, आणि येस नावाची आपलीच वाहिनी काढली. केबलव्हिजन या बड्या केबल कंपनीने पहिला अख्खा हंगाम ती दाखवायला नकार दिला. भांडण दराचं होतं, आणि पुढे वीस वर्षं सगळी भांडणं दराचीच झाली.

हा दर म्हणजेच या धंद्याचा पाया. वाहिनी केबल कंपनीकडून दर घरामागे दरमहा ठरावीक रक्कम घेते, आणि अट घालते की आम्हाला मूळ पॅकेजात टाका. ग्राहकाला वाहिनी नको असली तरी ती येते, आणि बिलातही येते. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये जलतरण तलावाचा खर्च सगळ्यांवर बसतो, पोहायला जातात चारच घरं, तसं. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांनी बेसबॉलची बॅट आयुष्यात हातात धरली नसेल, पण केबलच्या बिलातून यँकीजच्या खेळाडूंच्या पगाराला हातभार त्यांनीही लावला.

आता थोडा हिशेब करू. समजा, एका वाहिनीचा दर महिना ५ डॉलर आहे. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्स या बेसबॉल संघाच्या वाहिनीसाठी मागितला गेलेला दर याच्याच आसपास होता, म्हणजे तेव्हाचे सुमारे ३०० रुपये. (आपल्याकडे बुकेतल्या एका वाहिनीला ट्रायने १९ रुपयांची वेस घातली आहे.) शंभर घरांतून महिन्याला ५०० डॉलर येतात. त्यातली सामना पाहणारी घरं किती? चांगल्या संघाच्या साध्या सामन्याला तीन धरा. म्हणजे ५०० पैकी १५ डॉलर पाहणाऱ्यांचे आणि ४८५ डॉलर न पाहणाऱ्यांचे. प्रेक्षक वाढले काय, घटले काय, वाहिनीच्या गल्ल्यात फारसा फरक पडत नाही. ह्यूस्टनच्या शून्याचं म्हणूनच कुणाला फार वाईट वाटलं नाही. खरी जखम त्या ४० टक्क्यांची होती. सामना न पाहणारं घर चालतं, वाहिनी न घेणारं घर चालत नाही.

आणि २०११ च्या सुमाराला केबल किंवा डिश न घेणारं घर अमेरिकेत विरळाच होतं. देशात दहा कोटींच्या आसपास घरं केबल किंवा डिशचं बिल भरत होती. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी दहा कोटींहून जास्त घरांत होती. हा नळ कधी आटेल, असं धंद्यातल्या फारशा कुणाला वाटत नव्हतं, निदान करारांवर सह्या करताना तरी.

डॉजर्सची गोष्ट त्या काळाचा कळस आहे. फ्रँक मॅकोर्ट यांनी २००४ मध्ये हा संघ ४३ कोटी डॉलरला घेतला. २०११ मध्ये त्यांनी संघाची दिवाळखोरी जाहीर केली. २०१२ मध्ये त्याच दिवाळखोर संघाला २१५ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे पाचपट. आधीचा बेसबॉलमधला विक्रम शिकागो कब्जचा, ८४.५ कोटींचा. घेणाऱ्यांना वेड लागलं होतं का? मुळीच नाही. त्यांना टीव्हीचा करार दिसत होता, आणि पुढच्याच वर्षी तो झाला: टाइम वॉर्नर केबलबरोबर २५ वर्षं, ८३५ कोटी डॉलर.

हा आकडा जरा फोडून पाहू. वर्षाला सरासरी ३३ कोटी ४० लाख डॉलर. हंगामात १६२ सामने, म्हणजे सामन्याला २० लाख ६० हजार. बेसबॉलच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साधारण ३०० चेंडू टाकले जातात, म्हणजे चेंडूला सुमारे ७ हजार डॉलर, तेव्हाच्या भावाने चार लाख रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त चेंडू तर फलंदाज नुसते सोडून देतो किंवा चुकवतो.

पण २०१४ मध्ये वाहिनी सुरू झाली आणि डायरेक्टटीव्हीसकट जवळजवळ सगळ्या इतर कंपन्यांनी तो दर द्यायला नकार दिला. लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ७० टक्के घरांत आपल्याच शहराचा संघ दिसेनासा झाला, एक-दोन नव्हे, सहा हंगाम. या काळातली खरी हळहळ विन स्कली यांची. हा माणूस १९५० पासून डॉजर्सचं समालोचन करत होता, संघ ब्रुकलिनला होता तेव्हापासून. ६७ हंगाम. त्याचे शेवटचे तीन हंगाम त्याच्याच शहरातल्या बहुतेक घरांना टीव्हीवर पाहता आले नाहीत. २०१६ मध्ये तो निवृत्त होत होता तेव्हा अखेरचे मोजके सामने फुकट दिसणाऱ्या स्थानिक वाहिनीवर दाखवण्याची दया मालकांना आली. कोंडी फुटली एप्रिल २०२० मध्ये, आणि तेव्हा कोविडमुळे दाखवायला सामनेच नव्हते. (मधल्या काळात, २०१७ ला, वर्ल्ड सिरीजच्या अंतिम लढतीत डॉजर्सना हरवलं कुणी? शून्य प्रेक्षकांच्या त्याच अ‍ॅस्ट्रोजनी.)

आता मोठ्या आकड्याकडे येऊ. डिस्नेने मर्डॉक यांच्याकडून ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सचा बराचसा पसारा ७,१३० कोटी डॉलरला विकत घेतला आणि मार्च २०१९ मध्ये व्यवहार पुरा झाला. ईएसपीएन आधीच डिस्नेची, त्यात फॉक्सच्या २२ प्रांतिक क्रीडावाहिन्याही तिच्याच झाल्या तर स्पर्धा उरणार कुठे, म्हणून अमेरिकेच्या न्याय खात्याने त्या २२ विकायला लावल्या. यँकीजची येस वेगळी विकली गेली. २०१४ मध्ये तिची किंमत ३९० कोटी डॉलर धरली गेली होती, आता ३४७ कोटी धरली. पाच वर्षांत ४३ कोटींची घट, ही पहिली घंटा होती. ती सिंक्लेअर ब्रॉडकास्ट ग्रुपच्या कानावर पडली नाही, किंवा पडूनही त्यांनी मनावर घेतलं नाही. गावोगावची टीव्ही केंद्रं चालवणाऱ्या या कंपनीने उरलेल्या २१ वाहिन्यांचं मोल १,०६० कोटी डॉलर धरलं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्या घेतल्या.

१,०६० कोटी डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने ७५ हजार कोटी रुपये. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. रस्ते, पाणी, रुग्णालयं, शाळा, कोस्टल रोड, गाळ आणि पगार धरून सव्वा कोटी लोकांच्या महानगराचा वर्षाचा सगळा खर्च, तेवढ्यात या २१ वाहिन्या. त्यातले ८०० कोटींहून अधिक डॉलर कर्जाऊ. हे कर्ज सिंक्लेअरने स्वतःच्या डोक्यावर न घेता डायमंड स्पोर्ट्स ग्रुप नावाच्या उपकंपनीच्या डोक्यावर ठेवलं. आपल्याकडच्या बिल्डरांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

डायमंडकडे माल किती होता? पुढे कोर्टात गेली तेव्हाचा हिशेब असा: १९ वाहिन्या, ४२ संघ. बेसबॉलचे १४, बास्केटबॉलचे १६, हॉकीचे १२. कागदावर गुणाकार करा: चौदा गुणिले १६२, अधिक अठ्ठावीस गुणिले ८२. एकूण ४,५६४ प्रक्षेपणं वर्षाला. देशव्यापी वाहिन्यांकडे जाणारे थोडे वजा करा, तरी आकडा चार हजारांच्या खाली येत नाही. आयपीएलच्या २०२३ च्या हंगामात ७४ सामने झाले. म्हणजे डायमंड दरवर्षी पन्नास-साठ आयपीएल दाखवत होती. सरासरी अडीच तास धरले तर हे दहा हजार तासांच्या पुढे जातं, आणि वर्षात तास असतात ८,७६०. एक माणूस वर्षभर दुसरं काही न करता, न झोपता बसला तरी वर्षाचा माल वर्षात संपवू शकला नसता.

आणि गिऱ्हाईक उठून चाललं होतं. डिश नेटवर्क या कंपनीने जुलै २०१९ मध्ये, म्हणजे सौदा पुरा व्हायच्याही आधी, या वाहिन्या बंद केल्या. ११ मार्च २०२० ला बास्केटबॉल थांबलं, पाठोपाठ हॉकी आणि बेसबॉलही. बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांऐवजी ६० चा झाला. ऑक्टोबर २०२० पर्यंत यूट्यूब टीव्ही आणि हुलू यांनीही या वाहिन्या टाकल्या. सौद्याला सव्वा वर्ष होतंय तोवर सिंक्लेअरने या वाहिन्यांच्या मोलातून ४२३ कोटी डॉलर हिशेबात एका फटक्यात खोडले.

नावाचीही कथा झाली. फॉक्सचं नाव वापरता येणार नव्हतं, म्हणून दहा वर्षांसाठी ८.५ कोटी डॉलर घेऊन कॅसिनोवाल्या बॅलीजचं नाव लावलं आणि ३१ मार्च २०२१ पासून वाहिन्या बॅली स्पोर्ट्स झाल्या. साडेतीन वर्षांत ते नावही गेलं आणि फॅनड्युएल या सट्टा घेणाऱ्या कंपनीचं आलं. आधी जुगारघर, मग सट्टा. स्वतः वाहिनीवाल्यांनी लावलेला डाव पाहता दोन्ही नावं शोभून दिसतात.

केबल सोडून गेलेल्या चाहत्याला थेट गाठायचं म्हणून २०२२ मध्ये अ‍ॅप काढलं, महिना १९.९९ डॉलर. इथे पुन्हा मघाची शंभर घरं आठवा. सगळ्यांकडून पाच-पाच घेऊन ५०० येत होते. आता फक्त पाहणारी तीन घरं वीस-वीस डॉलर देणार, म्हणजे ६०. पाहणारे तिप्पट झाले, शंभरातली नऊ घरं आली, तरी १८०. न पाहणाऱ्यांकडून येणाऱ्या पैशाची जागा प्रेमाने पाहणारे भरून काढू शकत नाहीत, कितीही जीव लावला तरी. मध्यंतरी दुसऱ्या बाजूने संघांना द्यायचे हप्ते करारानुसार दरवर्षी चढतच होते. शंभरातली चाळीस घरं केबल तोडून गेली तर उरलेल्या साठांकडून तेच ५०० काढायला दर ८ डॉलर ३३ सेंट करावा लागतो. तो केला, की आणखी दहा घरं उठतात.

१५ फेब्रुवारी २०२३ ला डायमंडने १४ कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता भरला नाही. १४ मार्चला ह्यूस्टनच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज पडला. कर्ज ८६७ कोटी डॉलर, तेव्हाच्या भावाने ७१ हजार कोटी रुपये.

मे अखेरीस सॅन डिएगो पाद्रेजचा हप्ता चुकला. हा करार वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरचा. दुसऱ्याच दिवशी, ३१ मे रोजी, पाद्रेज मायामीत खेळत होते आणि प्रक्षेपण मेजर लीग बेसबॉलने स्वतःच्या हातात घेतलं. एका रात्रीत हे सामने पोहोचणारी घरं ११ लाख ३० हजारांवरून ३२ लाखांच्या पुढे गेली. प्रेक्षकाची चैन झाली, पण संघाचं काय? बुडालेल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंतची हमी लीगने घेतली, तीही त्या हंगामापुरती. अ‍ॅपवरच्या उरलेल्या हंगामाचे दर घराला ७४.९९ डॉलर ठेवले होते. तेवढ्यावर ६ कोटी उभे करायचे तर आठ लाख घरांनी वर्गणी भरायला हवी. जवळजवळ तिप्पट घरांत पोहोचूनही पैसे कमी, हे या धंद्याचं खरं उलटं गणित.

फिनिक्स सन्सने तर केबलचा नादच सोडला. २०२३ मध्ये त्यांनी सामने फुकट दिसणाऱ्या स्थानिक केंद्रांना दिले आणि चाहत्यांना घरबसल्या अँटेना वाटल्या. आपल्याकडे गच्चीवरच्या अँटेना भंगारात गेल्याला तीस वर्षं होत आली, आणि तिकडे बास्केटबॉलचा संघ त्या भेट देतो आहे. ह्यूस्टनच्या वाहिनीने मधल्या दहा वर्षांत रूट स्पोर्ट्स आणि मग एटीअँडटी स्पोर्ट्सनेट अशी दोन नावं बदलली. २०२३ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने या धंद्यातून अंग काढून घेतल्यावर अ‍ॅस्ट्रोज आणि रॉकेट्स या दोन संघांनीच ती ताब्यात घेऊन स्पेस सिटी होम नेटवर्क या नावाने चालवायला घेतली.

डायमंड २ जानेवारी २०२५ रोजी दिवाळखोरीतून बाहेर आली. नवं नाव मेन स्ट्रीट स्पोर्ट्स ग्रुप, कर्ज उरलं सुमारे २० कोटी डॉलर. बाकीच्या आठशे कोटींवर कर्ज देणाऱ्यांनी बहुतांशी पाणी सोडलं. सिंक्लेअरने ४९.५ कोटी देऊन डायमंडने लावलेला खटला मिटवला. एवढं ओझं उतरूनही वर्ष निघालं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सेंट लुई कार्डिनल्सचा हप्ता थकला आणि जानेवारीत बेसबॉलच्या उरलेल्या नऊ संघांनी करार मोडले.

दोष पाहणाऱ्यांचा नव्हता, खेळाचाही नव्हता. ज्यांना खेळ नको होता त्यांनी पैसे देणं थांबवलं, एवढंच झालं. २०२३ मध्ये ईएसपीएन ७ कोटी १० लाख घरांत उरली होती, म्हणजे बारा वर्षांत तीन कोटी घरं गेली.

या सगळ्यात डॉजर्सचा करार मात्र तसाच उभा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सनी शोहेई ओहतानी या खेळाडूला ७० कोटी डॉलरला घेतलं. टीव्हीच्या कराराची सरासरी धरली तर ही साधारण दोन वर्षांची कमाई. बेसबॉलचे सध्याचे देशव्यापी हक्क २०२८ च्या हंगामानंतर संपतात आणि त्यानंतर सगळ्या संघांचे सामने एकत्र विकावेत अशी लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांची इच्छा आहे. डॉजर्सचा २५ वर्षांचा करार त्यानंतर दहा हंगाम चालणार आहे, २०३८ पर्यंत. टाइम वॉर्नर केबल २०१६ मध्ये चार्टर कंपनीने विकत घेतली. हप्ते आता चार्टर भरते.